उत्तर बरोबर, पण कशावरून?

महाविद्यालयातील जीवशास्त्राच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून वर्षवार लावल्या, तर परीक्षक बदलले, अभ्यासक्रमाचे तपशील बदलले, गुणांची वाटणीही बदलली, परंतु मूळ प्रश्न मात्र बहुतेक होते तेच राहिले, ही गोष्ट चाळता चाळताच ध्यानात येते. प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यांची तुलना करा, परासरण म्हणजे काय ते प्रयोगासह सांगा, समविभाजन आणि अर्धसूत्री विभाजन यांतील फरक स्पष्ट करा, प्रभावी व अप्रभावी गुणांवर टीप लिहा, हे चार प्रश्न बापाने सोडविले आणि आता मुलगाही सोडवीत आहे.

हे प्रश्न सोपे आहेत म्हणून टिकले, असे कोणी समजू नये. विद्यार्थी व्याख्या बिनचूक लिहितो, कोष्टक आखून सहा फरक मांडतो, पुरते गुणही पदरात पाडून घेतो. आणि तोंडी परीक्षेत परीक्षकाने तोच प्रश्न किंचित वळवून विचारला, की त्याच्या मुखातून जे उत्तर बाहेर पडते, ते पाठ्यपुस्तक हाती पडण्यापूर्वीच्या त्याच्या समजुतीतले असते. या समजुतीला अज्ञान म्हणून उडवून लावणे रास्त नव्हे. कारण शास्त्राच्या इतिहासाचे दप्तर उघडले असता, ज्या ठिकाणी आजचा विद्यार्थी अडखळतो नेमक्या त्याच ठिकाणी एके काळी मोठमोठे विद्वान अडखळलेले आढळतात, आणि ज्या पुराव्याच्या आधाराने ते सावरले तो पुरावाच आजच्या उत्तरपत्रिकेतून गळून गेलेला असतो. तो पुरावा परत जागेवर ठेवला, म्हणजे या जुन्या प्रश्नांचे स्वरूप किती पालटते, हे एकेक प्रश्न घेऊन पाहण्यासारखे आहे.

पहिला प्रश्न झाडाच्या वजनाचा. आंब्याची एक कोय रुजते, तिचा यथावकाश डेरेदार वृक्ष होतो, आणि तो पडल्यावर त्याचे लाकूड वाळवून तोलले तर कित्येक क्विंटल भरते; हे सारे वजन आले कोठून? प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण तोंडपाठ असलेला विद्यार्थीही या प्रश्नाला 'मातीतून' असे उत्तर बिनदिक्कत देऊन जातो, आणि खत घातल्याने पीक फोफावते हे ज्याने शेतावर पाहिले आहे, त्याला या उत्तरात काही वावगे आहे असे वाटतही नाही. सतराव्या शतकातील फ्लेमिश वैद्य यान बाप्टिस्ट व्हान हेल्मॉन्ट याने ही समजूत तराजूवर घातली. भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती त्याने एका कुंडीत भरली, तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले, धूळ पडू नये म्हणून कुंडीवर छिद्रे पाडलेला पत्रा बसविला, आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाड उपटून तोलले तेव्हा ते सुमारे १६९ पौंड भरले. माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा तीत घट आली होती अवघी दोन औंसांची. झाड मातीचे बनलेले नसते, हा निकाल या एका प्रयोगाने कायमचा लागला.

परंतु पुढचा निष्कर्ष काढताना हेल्मॉन्टची गल्लत झाली. घातले ते केवळ पाणी, यास्तव झाड पाण्याचेच बनले असले पाहिजे, असे त्याने ठरविले. एखाद्या व्यापाऱ्याने पै-पैचा जमाखर्च चोख लिहावा आणि सर्वांत मोठी आवक तेवढी खात्यावर चढवायची राहून जावी, तसा हा प्रकार झाला. कारण ती आवक हवेतून येत होती, आणि झाडाच्या हिशेबात हवा धरण्याचे त्याच्या मनातही आले नव्हते. विशेष हे की, जळत्या कोळशातून निघणाऱ्या वायूचा अभ्यास करून त्याला वेगळे अस्तित्व देणारा मनुष्य हाच हेल्मॉन्ट होता. ज्या वायूपासून त्याच्या कुंडीतले झाड घडत होते, तो वायू त्याच्या परिचयाचा होता, फक्त या दोन गोष्टींची गाठ त्याच्या मनात पडली नाही. कुंडीच्या प्रयोगाचा हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, छापला गेला.

ती गाठ पडावयास आणखी सव्वाशे-दीडशे वर्षे लागली. मेणबत्ती जळून विझल्यावर निरुपयोगी झालेली बंद भांड्यातील हवा पुदिन्याच्या कोंबाने पुन्हा सुधारते, हे जोसेफ प्रीस्टली याने १७७१ साली इंग्लंडात पाहिले. ही सुधारणा केवळ वनस्पतीच्या हिरव्या भागांकडून आणि केवळ उजेडातच होते, हे डच वैद्य यान इंगेनहाऊस याने १७७९ साली दाखविले. त्यासाठी कार्बन डायऑक्साइड लागतो हे जिनिव्हाच्या सेनेबिए याने सिद्ध केले. आणि झाडाच्या वजनात पडणारी भर नुसत्या कार्बनच्या हिशेबाने पुरी होत नाही, पाण्याचाही अंश तीत सामील असतो, हे द सोस्यूर याने १८०४ साली काट्यावर तोलून मांडले. आज हवेच्या दहा हजार भागांत या वायूचे जेमतेम चार भाग असतात. एवढ्या विरळ वायूतून सागवानाचा सोट उभा राहतो, यावर मन सहजासहजी विश्वास ठेवत नाही, आणि विद्यार्थ्याची 'मातीतून' ही समजूत टिकून राहते ती यामुळेच. खतातून येणारी द्रव्ये झाडाला अत्यावश्यक असतात खरी, तथापि वाळलेल्या लाकडात त्यांचा वाटा फारच थोडा असतो, आणि लाकूड जाळल्यावर चुलीत जी मूठभर राख उरते, ती म्हणजे तोच वाटा होय.

याच प्रश्नाचे एक पोटकलम आहे. वनस्पती सोडते तो प्राणवायू कार्बन डायऑक्साइडमधून सुटतो की पाण्यातून? पुष्कळ काळ पहिले उत्तर गृहीत धरले जात होते. गंधकाच्या संयुगांवर जगणारे काही जीवाणू प्राणवायूऐवजी गंधक बाहेर टाकतात, यावरून, हिरवी वनस्पतीही पाणीच फोडत असली पाहिजे, असा तर्क व्हान नील या शास्त्रज्ञाने १९३०च्या सुमारास केला. आणि १९४१ साली कॅलिफोर्नियात रूबेन, केमन आणि त्यांचे सहकारी यांनी जड प्राणवायू असलेले पाणी शैवालास देऊन, बाहेर पडणारा प्राणवायू पाण्याचाच असतो, हे दाखवून दिले. पुस्तकातील समीकरणात डावीकडे पाण्याचे बारा रेणू लिहून उजवीकडे पुन्हा सहा का लिहितात, दोन्ही बाजूंचे सहा-सहा कमी करून समीकरण सुटसुटीत का करीत नाहीत, हा विद्यार्थ्यांचा नित्याचा प्रश्न येथे सुटतो. बाहेर पडणाऱ्या प्राणवायूच्या सहा रेणूंत बारा अणू असतात, आणि ते सर्व पाण्यातूनच यावयाचे, तर पाण्याचे बारा रेणू खर्ची पडलेच पाहिजेत.

झाडे दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री श्वास घेतात, हे अर्धसत्यही याच प्रकरणातले. वनस्पतीचे श्वसन अहोरात्र चालू असते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग त्याच्या कैक पट असल्यामुळे ते झाकले जाते, आणि रात्री उघडे पडते, इतकेच. त्याचा दाखला हवा असेल तर स्वयंपाकघरात जावे. भिजवून फडक्यात बांधलेल्या मुगाला मोड आले म्हणजे पातेले भरून येते आणि वजनही वाढलेले दिसते. परंतु तेच मोड खडखडीत वाळवून तोलले, तर मूळच्या कोरड्या मुगापेक्षा ते हलके भरतात, कारण वाढलेले वजन सारे पाण्याचे असते, आणि अंधारात वाढणाऱ्या त्या कोंबाने डाळीतील पिष्टाचा काही भाग श्वसनात खर्चून हवेत सोडलेला असतो. रात्री झोपण्याच्या खोलीत कुंडी ठेवू नये असे सांगणारे लोक असतात. त्यांनी एवढे पाहावे की, स्वस्थ पडलेला प्रौढ मनुष्य स्वतःच मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, आणि त्यापुढे चार पानांच्या कुंडीची काय कथा!

दुसरा प्रश्न परासरणाचा. येथे विद्यार्थ्याची तक्रार अगदी वाजवी असते. विसरणाच्या पाठात त्याला सांगितले जाते की, पदार्थ अधिक संहतीकडून कमी संहतीकडे जातो. पुढच्याच पानावर परासरणाची व्याख्या येते, आणि तीत पाणी कमी संहतीच्या द्रावणाकडून अधिक संहतीच्या द्रावणाकडे जाते असे म्हटलेले असते. मग या दोहोंपैकी खरे कोणते? दोन्ही खरी, फरक इतकाच की, पहिल्या वाक्यात ज्याची संहती मोजली तोच पदार्थ हलतो, आणि दुसऱ्या वाक्यात संहती मोजली मिठाची वा साखरेची, हलते मात्र पाणी. साखर जेथे दाट, तेथे मोकळे पाणी विरळ. म्हणून पाणी आपल्या हिशेबाने अधिकाकडून उण्याकडेच जात असते. पाण्याचे रेणू पडद्यातून दोन्ही दिशांनी सतत ये-जा करीत असतात, आणि आपण ज्याला परासरण म्हणतो ती या ये-जा करण्यातील निव्वळ तफावत असते, हे एकदा ध्यानात आले म्हणजे दोन व्याख्यांतील भांडण मिटते.

हे प्रथम ज्याच्या नजरेस आले तो आबे नोले हा फ्रेंच शास्त्रज्ञ काही परासरण शोधावयास बसला नव्हता. १७४८ साली त्याने मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड प्राण्याच्या मूत्राशयाच्या पडद्याने बांधले आणि हवा लागू नये एवढ्यासाठी ते पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पाहतो तो पडदा फुगून ताणलेला. आपल्याकडील गृहिणींना ही विद्या वेगळ्या रीतीने अवगत असते. काकडीची कोशिंबीर पाने घेतेवेळीच मीठ घालून कालवावी, आधी कालवली तर पाणी सुटते, हा घराघरातला नियम. आणि लोणच्यासाठी चिरलेल्या कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवल्यावर जो खार सुटतो, तो फोडींच्या पेशींतून बाहेर आलेल्या पाण्याचाच असतो.

प्रयोगशाळेत हीच गोष्ट डोळ्यांनी पाहता येते, आणि या विषयात पाहण्यासारखे जे थोडे प्रयोग आहेत त्यांत हा अग्रगण्य मानावा. ऱ्होइओच्या पानाची खालची बाजू जांभळी असते. पान तिरके फाडून त्या बाजूचा पातळ पापुद्रा काढावा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा, म्हणजे षट्कोनी पेशी काठोकाठ जांभळ्या रसाने भरलेल्या दिसतात. मग आच्छादन-काचेच्या एका कडेस मिठाच्या द्रावणाचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घ्यावे. काही मिनिटांत जांभळा रस पेशीच्या भिंतीपासून कोपऱ्याकोपऱ्यांतून सुटू लागतो, आक्रसतो, अधिक गडद होतो, आणि अखेर मधोमध एक गोळा उरतो; भिंत मात्र आहे तेथेच उभी असते. पुन्हा साधे पाणी सोडले, आणि फार उशीर झालेला नसला, तर तोच रस पसरत जाऊन भिंतीला भिडतो. वनस्पतीची पेशी शुद्ध पाण्यात फुटत नाही आणि तांबडी रक्तपेशी मात्र फुटते, या 'कारणे द्या'मधील हमखास प्रश्नाचे उत्तर या पापुद्र्यात उघड दिसते, कारण फुगणाऱ्या पेशीला आवरून धरणारी ती भिंत रक्तपेशीजवळ नसते. शिरेतून द्यावयाच्या सलाईनमध्ये मीठ शेकडा ०.९ या प्रमाणात का ठेवतात, तेही येथेच कळते.

तिसरा प्रश्न पेशीविभाजनाचा, आणि फरकांच्या कोष्टकाचे माहात्म्य येथे शिगेला पोहोचलेले असते. समविभाजनात एक विभाजन, अर्धसूत्रीत दोन; तेथे दोन पेशी, येथे चार; तेथे गुणसूत्रांची संख्या कायम, येथे निम्मी. हे सगळे लिहून झाल्यावर विद्यार्थ्याच्या मनात जी शंका उरते तिला कोष्टकात रकाना नसतो. संख्या निम्मीच करावयाची, तर एका विभाजनात काम भागले असते, दोन कशासाठी? उत्तर असे की, विभाजनास आरंभ होण्यापूर्वीच प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार झालेली असते. माणसाच्या पेशीत त्या वेळी ४६ गुणसूत्रे असतात, पण प्रत्येकाचे दोन जुळे धागे धरले तर धागे ९२ होतात. पहिल्या विभाजनात आईकडून आलेले आणि बापाकडून आलेले अशा जोडीदारांची फारकत होऊन प्रत्येक पेशीत २३ गुणसूत्रे जातात, परंतु ती अजून दुहेरीच असतात; दुसऱ्या विभाजनात जुळे धागे विलग होतात. नक्कल एकदा, वाटणी दोनदा, हे एवढे सूत्र ध्यानात ठेवले तर कोष्टक पाठ करण्याची गरज पडत नाही.

संख्या निम्मी होतेच, हे कोणाला स्वच्छ दिसण्यापूर्वी तर्काने सांगितले गेले होते. फ्लेमिंग या शास्त्रज्ञाने १८८२ पर्यंत समविभाजनाच्या पायऱ्या तपशीलवार वर्णिल्या. आणि १८८७ साली आउगुस्ट वाइजमान याने असा युक्तिवाद केला की, आईची आणि बापाची गुणसूत्रे प्रत्येक पिढीत एकत्र येत असतील, तर त्यापूर्वी कोठे तरी ती निम्मी झालीच पाहिजेत, एरवी पिढीगणिक त्यांची संख्या दुप्पट होत जाईल. पहिल्या विभाजनात कोणत्या जोडीतले कोणते गुणसूत्र कोणीकडे जाईल हे अनिश्चित असल्यामुळे एका माणसाच्या बीजपेशींत ८३,८८,६०८ निरनिराळे संच संभवतात. धाग्यांची परस्परांत होणारी अदलाबदल यात धरलेली नाही. चौऱ्यांशी लक्ष योनींच्या आपल्या जुन्या आकड्याशी ही संख्या जवळजवळ मिळावी हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवण्यास सोयीचा.

माणसाची ही ४६ गुणसूत्रे तरी प्रथमपासून कोठे ४६ होती? अमेरिकन शास्त्रज्ञ पेंटर याने दाटीवाटीने पडलेल्या गुणसूत्रांची मोजणी करताना प्रारंभी ४६ की ४८ असा संशय बाळगून १९२३ साली ४८ असा निर्णय दिला, आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ जगभरचे विद्यार्थी परीक्षेत ४८ हा आकडा लिहून गुण मिळवीत राहिले. त्यातून सुटका झाली ती परासरणाच्या कृपेने. १९५२ साली टेक्सासमधील टी. सी. शू यांच्या प्रयोगशाळेत पेशी धुण्याचे द्रावण कोणाच्या तरी हातून नेहमीपेक्षा पातळ झाले. पेशींत पाणी शिरून त्या फुगल्या आणि आतील गुणसूत्रे एकमेकांपासून सुटी होऊन पसरली. इतके स्वच्छ दृश्य समोर असूनही शू यांनी ४८ हाच आकडा मान्य केला, कारण तो सर्वमान्य होता. याच युक्तीचा उपयोग करून स्वीडनमधील लुंड येथे जो हिन त्यो आणि आल्बर्ट लेवान यांनी १९५५च्या अखेरीस पुन्हा मोजणी केली, आणि १९५६ साली ४६ हा आकडा प्रसिद्ध झाला. कांद्याच्या मुळाचे टोक आम्लात कोमट करून, रंगवून, अंगठ्याखाली दाबून त्यातली १६ गुणसूत्रे मोजण्याचा प्रयत्न ज्याने एकदा केला आहे, आणि पुस्तकात १६ आहेत म्हणून जर्नलातही १६ लिहिली आहेत, त्या विद्यार्थ्याने ही हकिकत अवश्य वाचावी.

चौथा प्रश्न मेंडेलच्या वाटाण्यांचा. दुसऱ्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळपास तिनास एक, हे त्याचे आकडे प्रसिद्धच आहेत. यावरून विद्यार्थी असे समजून चालतो की, प्रभावी गुण तो अधिक लोकांत आढळणारा, आणि अप्रभावी गुण हळूहळू नाहीसा होणारा. केंब्रिजच्या पनेट यांनी १९०८ साली लंडनमधील व्याख्यानात आखूड बोटांचा दोष प्रभावी असल्याचे सांगितले, तेव्हा संख्याशास्त्रज्ञ यूल यांनीही, मग कालांतराने लोकसंख्येत तिनास एक या प्रमाणात आखूड बोटांचे लोक का दिसू नयेत, अशा आशयाची शंका काढली. पनेट यांनी ती आपले स्नेही, रामानुजनांमुळे आपल्याकडे सर्वपरिचित झालेले गणितज्ञ हार्डी यांच्यापुढे ठेवली. आणि हार्डींनी, विवाहसंबंध यदृच्छेने जुळत असतील आणि निवडीसारखे दुसरे कारण नसेल, तर गुणांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या आहे तसेच राहते, हे त्यांच्या मते अगदीच साधे असलेले गणित एका पत्रात लिहून 'सायन्स' या नियतकालिकाकडे पाठविले. त्याच वर्षी जर्मनीत वाइनबर्ग या वैद्यानेही तेच सिद्ध केले होते. सहावे बोट पुष्कळदा प्रभावी जनुकामुळे येते, तरी ते विरळा. ओ रक्तगट अप्रभावी, तरी जगात सर्वाधिक लोकांचा तोच. प्रभावी म्हणजे जोडीदाराला झाकणारा. बहुसंख्य असण्याशी त्याचा काही संबंध नाही.

या चारही प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. विद्यार्थ्याची चूक अभ्यास न केल्यामुळे होते असे नाही. निष्कर्ष त्याच्या हाती येतो आणि तो ज्या पुराव्याने प्रस्थापित झाला तो येत नाही, म्हणून जुनी समजूत आणि नवे उत्तर ही दोन्ही त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी बिनतक्रार नांदत राहतात. परीक्षेची वहिवाट एका वर्षात बदलणार नाही आणि फरकांची कोष्टकेही इतक्यात बंद होणार नाहीत. तरीही शिक्षकांना एवढी विनंती करण्यास हरकत नसावी की, प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी 'कशावरून?' एवढा एक शब्द जोडावा आणि त्यासाठी दोन गुण राखून ठेवावेत. विद्यार्थ्यांना तर त्यासाठी कोणाच्या मंजुरीचीही गरज नाही. तो शब्द त्यांनी वहीच्या समासात आजच लिहावा, आणि पुस्तकातील प्रत्येक ठाम वाक्यापुढे तो एकदा तरी विचारून पाहावा.